मधमाश्या कोठे गेल्या?

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस गुजरातची सीमा आणि पूर्वेस जंगलाने आच्छादलेले डोंगर, असा हा मुलूख आहे. किनाऱ्याजवळ घोलवड, बोर्डी या गावांच्या परिसरात चिकूच्या वाड्या दाट पसरलेल्या आहेत. रेल्वेमार्ग ओलांडून पूर्वेकडे जावे, तसतशी वाड्यांची गर्दी विरळ होत जाते, भाताची खाचरे लागतात आणि त्यांच्या पलीकडे वारली लोकांचे पाडे दिसू लागतात. पाड्यावरील घरापुढे सारवलेले अंगण, अंगणाच्या कडेला लाकडी मांडव आणि मांडवावर भोपळ्याचा नाहीतर कारल्याचा एखादा वेल, हे दृश्य तेथे नेहमीचे आहे.

थंडीच्या दिवसांत या अंगणांतून आणि वाड्यांतून मधमाश्यांचा गुंजारव सतत कानी पडतो. तुळशीच्या मंजिऱ्या, शेवग्याचा पांढरा फुलोरा, आंब्याचा मोहोर या सर्वांवर त्यांची लगबग चाललेली असते. परंतु होळी होऊन चैत्र लागला, म्हणजे हा गुंजारव हळूहळू मंदावतो. वैशाखातील दुपारी तर फुललेल्या वेलाजवळ पाव तास उभे राहिले, तरी एखादीच माशी दृष्टीस पडते. मग घरातील वडीलधारी माणसेही विचारू लागतात, "यंदा माश्या गेल्या तरी कोठे?"

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. कारण 'दिसत नाहीत' आणि 'उरल्या नाहीत' या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. माशी घरातच बसून असेल, तरी ती दिसणार नाही. दुसऱ्या फुलांवर गेली असेल, तरी दिसणार नाही. आणि खरोखरच मेली असेल, तरीही दिसणार नाही. तेव्हा प्रथम या तिन्ही शक्यता निरनिराळ्या करून पाहिल्या पाहिजेत.

त्यासाठी मधमाशी कोणती, हे ओळखता यावे लागते. आपल्याकडे 'मधमाशी' या एका नावाखाली निदान चार प्रकारच्या माश्या वावरतात. सर्वांत मोठी ती आग्या मोहोळाची माशी. उंच झाडाच्या आडव्या फांदीला, कड्याला किंवा पाण्याच्या टाकीखाली ती एकच भले मोठे उघडे पोळे लावते. ही माशी जात्याच फिरस्ती आहे. एका प्रदेशातील फुलांचा बहर ओसरला, की सगळेच्या सगळे मोहोळ उठते आणि कित्येक कोस दूर जाऊन बसते. मागे राहते ते केवळ मेणाचे रिकामे पोळे. दुसरी सातेरी. ही झाडाच्या ढोलीत, वारुळात किंवा भिंतीच्या पोकळीत, अंधाऱ्या जागी, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. लाकडी पेटीत पाळली जाते ती हीच. तिसरी फुलोरी नावाची लहान माशी झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे पोळे लावते. चौथी त्याहूनही लहान, काळसर आणि नांगी नसलेली असते. ती भिंतीच्या चिरेत किंवा झाडाच्या पोकळ बुंध्यात डिंक आणि मेण यांचे घर करते. यांशिवाय युरोपातून आणलेली मेलिफेरा नावाची माशी भारतात १९६२ च्या सुमारास प्रथम उत्तरेकडे यशस्वी रीतीने पाळली जाऊ लागली. परंतु पाड्यावरच्या अंगणात येणारी माशी बहुधा सातेरी किंवा फुलोरी असते.

काळाभोर, गुबगुबीत भुंगा मात्र यांपैकी कोणी नव्हे. वांग्याच्या फुलावर गुणगुणत बसतो, तो हाच. वांग्याच्या फुलातील पराग एका नळीसारख्या कोशात कोंडलेला असतो आणि कोशाच्या टोकाला बारीकसे छिद्र असते. भुंगा त्या फुलाला मिठी मारून आपले अंग जोराने थरथरवितो, तेव्हा मिठाच्या डबीतून मीठ गळावे तसा पराग बाहेर पडतो. मधमाशीला ही विद्या अवगत नाही. म्हणून वांग्याच्या वाफ्यात मधमाश्या दिसल्या नाहीत, एवढ्यावरून त्या नाहीशा झाल्या असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल.

आता दुपारच्या शांततेचा विचार करू. पोळ्यात जेथे अंडी आणि अळ्या असतात, तेथील उष्णता सुमारे ३५ अंश सेल्सिअस राखावी लागते. ती फार वाढली तर अळ्या मरतात आणि मेणही मऊ पडून पोळे खचते. उन्हाळ्यात किनाऱ्यावर पारा ३५ अंशांच्या आसपास असतो आणि समुद्रावरून जसजसे आत जावे, तसतसा तो आणखी चढत जातो. अशा वेळी कामकरी माश्यांपुढे मकरंदापेक्षा पाण्याचा प्रश्न मोठा होऊन बसतो. काही माश्या विहिरीच्या काठावरील ओलाव्यावरून, नदीच्या ओल्या वाळूवरून किंवा गळक्या नळाखालून पाणी पोटात भरून आणतात आणि पोळ्याच्या कोठड्यांवर त्याचे बारीक थेंब पसरवितात. इतर माश्या दाराशी ओळीने बसून पंखांनी वारा घालतात. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि घर थंड होते. मातीच्या माठातील पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने माश्यांचे घरही गार राहते. फरक एवढाच, की माठाला वारा घालण्यास कोणी बसत नाही.

अर्थात, दुपारच्या कडक उन्हात पुष्कळशा माश्या बागेत नसतात, त्या घरच्या किंवा पाणवठ्याच्या कामात गुंतलेल्या असतात. शिवाय उन्हाने फुलांतील मकरंदही आटतो. मग तेथे जाऊन करावयाचे काय? पहाटे उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत आणि पुन्हा ऊन उतरल्यावर जो बागेत जाईल, त्याला दुपारच्या मानाने कितीतरी अधिक माश्या आढळतील. ज्या कुटुंबातील माणसे सकाळी कामावर जातात आणि बारा वाजता परततात, त्यांना माश्या नाहीत असे वाटले तर त्यात नवल नाही.

परंतु सकाळीही माश्या थोड्याच दिसल्या तर? तर दुसरी शक्यता पाहिली पाहिजे. आणि त्यासाठी अंगण सोडून झाडांच्या शेंड्यांकडे नजर वळवावी लागते. चैत्र-वैशाखात बागेतील रोपे कोमेजलेली असली, तरी जंगलातील पुष्कळ वृक्ष याच दिवसांत फुलतात. जांभळाच्या फांद्यांवर बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. करंज फिकट जांभळ्या फुलांनी भरतो आणि त्याच्या पाकळ्यांचा सडा वाटेवर पडतो. शिरीष फुलतो, कडुलिंब फुलतो, ओढ्याकाठचा अर्जुन फुलतो. एका मोठ्या जांभळीवर जेवढी फुले असतात, तेवढी एखाद्या गावातील सगळ्या अंगणांत मिळून नसतील. अशा झाडाखाली सकाळी स्वस्थ उभे राहावे. वर पाहून काही दिसले नाही, तरी कानांवर अखंड गुंजारव येतो. अंगणातल्या माश्या तेथे असतात.

एका रात्रीत सर्व माश्यांना ही वार्ता कशी कळते, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही अनेक वर्षे पडला होता. कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने त्याचा उलगडा केला. फुलांचा मोठा साठा सापडलेली माशी घरी परतते आणि पोळ्यावर एक प्रकारचे नृत्य करते. अंग हालवीत ती सरळ रेषेत थोडी धावते, वळसा घेऊन मागे येते आणि पुन्हा धावते. ही सरळ धाव पोळ्याच्या उभ्या रेषेशी जो कोन करते, तोच कोन सूर्याची दिशा आणि फुलांची दिशा यांमध्ये असतो. आणि धाव जितकी लांबते, तितकी फुले दूर आहेत असे इतर माश्या समजतात. या शोधासह प्राण्यांच्या वर्तनावरील संशोधनाबद्दल फ्रिश यांना १९७३ मध्ये इतर दोन शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. या नृत्यामुळेच, जांभूळ फुलली की घरापासून किलोमीटरभर अंतरावरील माश्याही थोड्याच वेळात तिच्याकडे वळतात आणि अंगणातील चार झेंडू ओस पडतात. जंगलाला लाभ झाला म्हणून बागेला तोटा झाला, एवढाच याचा अर्थ.

येथपर्यंतची कारणे चिंतेची नव्हेत. पण प्रत्येक वेळी हेच कारण असेल असे धरून स्वस्थ बसता येत नाही, कारण माश्या न येण्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. ती कशी, हे लाल भोपळ्याच्या वेलावर फार चांगले पाहावयास मिळते.

लाल भोपळ्याच्या एकाच वेलावर दोन प्रकारची फुले येतात. नरफुलाचा देठ लांब व सडपातळ असतो आणि मध्यभागी पिवळा पराग असतो. मादीफुलाच्या तळाशी सुपारीएवढा इवलासा भोपळा आधीपासूनच असतो. दोन्ही फुले पहाटे उमलतात आणि ऊन तापू लागले, की मिटतात. मादीफूल त्यानंतर पुन्हा उघडत नाही. त्या तीन-चार तासांत नरफुलाचा पराग मादीफुलापर्यंत पोहोचला पाहिजे. हा पराग जड व चिकट असतो, त्यामुळे तो वाऱ्याने उडून जात नाही. तो कोणी तरी अंगावर वाहून न्यावा लागतो आणि तोही एकदा नव्हे, अनेक फेऱ्यांनी. पराग मुळीच न मिळाला, तर इवला भोपळा दोन-चार दिवसांत पिवळा पडून गळतो. अपुरा मिळाला, तर फळ धरते, पण वेडेवाकडे वाढते. काकडी आणि कारले यांचीही रीत अशीच आहे. पाड्यावरच्या घरात उन्हाळ्यात विकतची भाजी रोज येत नाही. वेलावरचा भोपळा टोपलीत नीट ठेवला तर कित्येक दिवस पुरतो. तो धरला नाही, म्हणजे तेवढ्या दिवसांची भाजी गेली.

दुधी भोपळ्याची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि अंधारात उडणारे पतंग त्याच्याकडे येतात. सकाळपर्यंत ते टिकले तर मधमाश्याही त्याला भेट देतात. वारली लोकांचे तारपा हे वाद्य याच दुधीच्या वाळलेल्या फळापासून करतात. त्याला बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानाचा कर्णा जोडतात आणि सांधे मधमाश्यांच्या मेणाने बुजवितात. पतंगाने फळ दिले, माशीने मेण दिले, तेव्हा तारपा वाजला, असे म्हणावयास हरकत नाही.

वेलावरची फळे गळतात ती माश्यांअभावीच, असेही नाही. पाणी कमी पडले किंवा उष्णता फार झाली, तरी ती गळतात. फार उष्णतेत तर वेलावर नरफुलेच अधिक येतात आणि मादीफुले विरळ होतात. खरे कारण कोणते, हे ठरविण्यासाठी एक साधा प्रयोग आहे. पहाटे उमललेले नरफूल तोडावे, त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि परागाचा भाग मादीफुलाच्या मध्यभागी हळुवारपणे फिरवावा. अशा पाच-सहा मादीफुलांच्या देठांना रंगीत दोरा बांधावा आणि तेवढीच फुले दोऱ्याविना तशीच सोडावीत. आठवड्याने दोऱ्याची फळे वाढू लागली आणि बाकीची गळाली, तर पराग वाहणारे कीटक कमी पडले, हे निश्चित झाले. दोन्ही गळाली, तर दोष पाण्याचा, उन्हाचा किंवा खताचा. आणि दोन्ही धरली, तर माश्या येऊन गेल्या. त्या पाहावयास कोणी जागे नव्हते, इतकेच.

याच्या जोडीला मोजणी करावी. एकच वेल किंवा एकच तुळस निवडावी, रोज सकाळी ठराविक वेळी दहा मिनिटे तिच्याजवळ बसावे आणि फुलावर उतरलेल्या माश्या मोजून वहीत तारीख घालून लिहाव्यात. मोहरलेली झाडे जवळपास कोणती आहेत, हेही लिहावे. 'पूर्वी पुष्कळ होत्या' हे वाक्य सर्वांच्या तोंडी असते. परंतु 'पुष्कळ' म्हणजे किती, हे कोणी लिहून ठेवलेले नसल्याने तुलना करता येत नाही. अमेरिकेत २००६ च्या हिवाळ्यापासून पेट्यांतील माश्या मोठ्या संख्येने नाहीशा होऊ लागल्या, तेव्हा तेथील मधपाळांना ते ताबडतोब ध्यानात आले, कारण त्यांच्या पेट्या मोजलेल्या होत्या. डहाणू-तलासरीतील बहुतेक पोळी ढोलीत आणि कड्यावर असतात. त्यांची नोंदवही नाही. त्यामुळे तेथील एखादे पोळे नाहीसे झाले, तर ते कोणाच्या हिशेबात येत नाही.

तरीही खऱ्या हानीची कारणे ओळखता येतात. त्यांत घराचा प्रश्न पहिला. सातेरीला ढोली लागते आणि ढोली जुन्या झाडालाच असते. जुने झाड तोडून नवे रोप लावले, तर झाडांची संख्या तेवढीच राहते, पण माश्यांचे घर तीस-चाळीस वर्षांपुरते जाते. डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक आहे, असे केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी जाहीर केले आणि तेथील उद्योगांवर निर्बंध घातले. त्यामुळे वाड्या आणि जंगल यांना पुष्कळ संरक्षण मिळाले. मात्र हिरवी दिसणारी प्रत्येक जमीन माशीच्या उपयोगाची असतेच असे नाही. चिकूचेच उदाहरण घ्यावे. त्याचे फूल लहान, फिकट आणि अर्धवट मिटलेले असते. त्यातील पराग नेण्याचे काम बरेचसे फुलकिडे नावाचे अतिसूक्ष्म कीटक करतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. माश्याही त्या फुलांवर येतात, पण केवळ चिकूवर त्यांचे वर्षभराचे पोट भरणे कठीण. वाडीच्या कुंपणाला शेवगा, करंज, जांभूळ अशी झाडे असतील, तर तीच वाडी माश्यांना कितीतरी अधिक मानवते. कुंपणावरची झाडे सावली करतात म्हणून काढून टाकण्याकडे जो कल दिसतो, तो याकरिता फारसा शहाणपणाचा वाटत नाही.

डोंगराकडील भागात राबाचा प्रश्न येतो. भाताची रोपे तयार करण्यापूर्वी झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण व गवत जमिनीवर पसरून उन्हाळ्यात जाळण्याची रीत कोकणात फार जुनी आहे. यालाच राब भाजणे म्हणतात. त्यामुळे तण मरते आणि रोपे जोमदार येतात. याकरिता ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटल्या जातात. छाटलेल्या झाडाला त्या वर्षी फुलोरा अगदी थोडा येतो आणि तोही नेमका माश्यांच्या मोठ्या बहराच्या दिवसांत कमी पडतो. म्हणून राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण योग्य नाही. थोड्या खाचरांवर ज्याचे पोट अवलंबून आहे, तो आपल्या रोपांची काळजी घेणारच. सगळ्या फांद्या न उतरविता शेंड्याकडील काही राखल्या, तर दोघांचेही काम भागू शकते.

मध काढण्याची जुनी पद्धत याहून घातक आहे. रात्री पेटत्या चुडीने आग्या मोहोळ जाळतात आणि सबंध पोळे कापून खाली आणतात. त्यात हजारो माश्या आणि सर्व अळ्या मरतात. वास्तविक आग्या माशी मध साठविते, तो पोळ्याच्या वरच्या बाजूच्या एका भागात. अळ्यांचा भाग निराळा असतो. अंगभर संरक्षक पोशाख घालून, धुराने माश्या बाजूला सारून, केवळ मधाचा भाग कापून घेतला, तर माश्या तेच पोळे पुन्हा भरतात आणि काही दिवसांनी पुन्हा मध मिळतो. एकदा घ्यावयाचा की अनेकदा, एवढाच हा हिशेब आहे.

कीटकनाशकांचा परिणाम मात्र डोळ्यांना लवकर दिसत नाही. भाजीच्या मळ्यात किंवा वाडीत फुले उमललेली असताना सकाळी औषध फवारले, तर त्या फुलांवर आलेली माशी जागीच मरते, किंवा वाट चुकून घरी पोहोचतच नाही. घरी पोहोचली, तर तो विषारी पराग अळ्यांच्या तोंडी जातो. काही औषधे मुळांतून झाडात शिरून फुलांच्या मकरंदापर्यंत पोहोचतात. अशा प्रकारच्या तीन औषधांचा उघड्या शेतातील वापर युरोपीय संघाने २०१८ मध्ये मधमाश्यांच्या रक्षणासाठी बंद केला. कीड पडली तर औषधावाचून चालत नाही, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. परंतु तेच औषध फुले मिटल्यावर, सूर्यास्ताच्या सुमारास फवारले, तर माश्या पुष्कळ वाचतात. यास वेगळा खर्च येत नाही.

रोगाची गोष्ट वेगळी. १९९१-९२ च्या सुमारास केरळ, कर्नाटक व तामिळनाडू या राज्यांत सातेरी माशीवर 'थाई सॅकब्रूड' नावाच्या विषाणूचा रोग आला. या रोगात अळीचे कोशात रूपांतर होत नाही. ती पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. त्या वेळी दक्षिणेतील पाळीव सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट झाल्या. ज्या थोड्या तगल्या, त्यांच्यापासूनच पुढे हळूहळू नवी संख्या उभी राहिली. म्हणून ढोलीतील रानटी पोळ्यांचे महत्त्व मोठे आहे. पेट्यांतील माश्या रोगाने गेल्या, तर नवे बीज तेथूनच मिळते.

या सर्व अडचणींवर उपाय करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. खादी व ग्रामोद्योग आयोगाने पुणे येथे १९६२ मध्ये केंद्रीय मधमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन केली. महाबळेश्वरजवळील मांघर या गावी २०२२ मध्ये 'मधाचे गाव' ही योजना सुरू झाली आणि पुढे राज्यातील ज्या इतर गावांची त्यासाठी निवड झाली, त्यांत घोलवडही आहे. मुंबईची 'अंडर द मँगो ट्री' ही संस्था पालघर आणि लगतच्या वलसाड जिल्ह्यातील आदिवासी शेतकऱ्यांना रानातील सातेरी पेटीत बसविण्याचे शिक्षण देत आली आहे. या शेतकऱ्यांना मधापेक्षाही वेलावरची आणि झाडावरची फळे वाढली, याचेच महत्त्व अधिक असते. एका लहान पेटीतून वर्षाला मिळणारा मध काही किलोच भरतो. त्यावर संसार चालत नाही. भोपळे, काकड्या आणि काजू मात्र बाजारात जातात.

उन्हाळ्यात पेटी सांभाळणारा शेतकरी ती दाट सावलीत ठेवतो. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतो, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत. जवळच उथळ परळात पाणी व खडे घालतो, कारण खडे नसतील तर माश्या पाण्यात बुडतात. सातेरी मोठी मानी आहे. अन्न कमी पडले, मुंग्यांनी छळले किंवा मेणपतंगाच्या अळ्यांनी पोळे पोखरले, तर ती राणीसह घर सोडून निघून जाते. अशा वेळी शेजारच्या बागेतील माश्या एका दिवसात कमी होतात, पण त्या मेलेल्या नसतात. मैलभर अंतरावरच्या एखाद्या ढोलीत नवे बिऱ्हाड थाटून बसलेल्या असतात.

आणि या भागातील माश्यांचा खरा दुष्काळ उन्हाळ्यात नसून त्यानंतर येतो, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. ज्येष्ठात पाऊस सुरू झाला, की जांभळाची फळे गळून संपतात आणि पुढे दोन-अडीच महिने दिवसच्या दिवस झड लागते. रानात फुले असली, तरी भर पावसात माशी उडू शकत नाही, आणि उडाली तर धुऊन निघालेल्या फुलात तिला काही मिळत नाही. राणी अंडी घालणे कमी करते. पोळे आक्रसून ओंजळीएवढे होते. वैशाखात जांभूळ आणि करंज यांच्यावरून आणलेला मध त्या दिवसांत उपयोगी पडतो. म्हणून जाणता मधपाळ मे महिन्यात पेटीतील सगळा मध काढीत नाही. ज्याने काढला, त्याची पेटी श्रावणात रिकामी सापडते.

भाद्रपद सरत आला, म्हणजे डोंगरउतारावरील खुरासणी फुलू लागते. वारली शेतकरी ती तेलासाठी पेरतात. खुरासणीच्या रोपाला स्वतःच्याच परागाने बी नीट धरत नाही. दुसऱ्या रोपाचा पराग यावा लागतो आणि तो आणण्याचे काम माश्याच करतात. आश्विनातील सकाळी अशा पिवळ्या शेताच्या बांधावर बसले, म्हणजे पावसाळ्यातून तगलेल्या सातेरीच्या माश्या पायांवर पिवळ्या परागाच्या गोळ्या घेऊन झाडाझाडावरून उडताना दिसतात. वैशाखात ज्या वहीत दहा मिनिटांना दोन किंवा तीन असा आकडा लिहिला होता, तीच वही या दिवसांत पुन्हा उघडावयाची असते.